अर्जुनरावांचं बांधकाम

तलवाड्यात एखादी गोष्ट बिघडवायची असेल तर ती माजी सरपंच अर्जुनरावांना नुसती दाखवावी, पुढचं ते बघून घेतात. त्या दिवशी त्यांची सून वनमाला पडवीत मधमाश्यांच्या पेटीच्या चौकटी घेऊन बसली होती. प्रत्येक चौकटीच्या वरच्या दांडीला खालून ती एकेक बारीक पट्टी ठोकत होती आणि तिला वितळलेलं मेण फासत होती. एवढा आधार दिला की माश्या तिथून खाली पोळं बांधत येतात, हे ती प्रशिक्षणात शिकली होती. घाईही होती. तिचं दोन एकर खरबूज फुलावर आलं होतं. माशी फिरली नाही तर फळ धरणार नव्हतं आणि हंगाम हातचा जाणार होता.

अर्जुनरावांनी वाकून बघितलं आणि हसले.

"पट्टी वर कावून ठोकायली?"

"मामा, माश्या वरून खाली बांधत्यात."

"येड लागलंय का? म्या गावात सोळा बांधकामं केली. एक तरी छतापासून सुरू केलं का?"

सोळा केली होती हे खरं. त्यातलं समाजमंदिर दुसऱ्याच पावसाळ्यात बसलं आणि एसटीच्या शेडखाली शेळीसुद्धा थांबत नाही. पण माणसाला अनुभव आहे म्हटल्यावर बोलणार कोण!

वनमाला गेवराईला माश्या आणायला गेली. इकडे अर्जुनरावांनी गडी त्रिंबकला हाक मारली, वरच्या सगळ्या पट्ट्या उपटायला लावल्या आणि चौकटींच्या तळाला चांगल्या जाड पट्ट्या ठोकून घेतल्या.

"मालक, ह्या मेणाच्या पट्ट्यांचं काय करू?"

"फेकतो का बे? माझ्या बोर्डाची वरची दांडी वाकलीया, तिला आतून ठोक. उरलेलं मेण बी फास, पाणी लागणार न्हाई."

बोर्ड म्हणजे शेताच्या कोपऱ्यावरचा, त्यांच्या एकसष्टीचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दर्शन व्हावं म्हणून लाकडी सांगाड्याला दोन्हीकडून फ्लेक्स लावलेला. दोन अर्जुनरावांच्या मध्ये वीतभर अंधार.

संध्याकाळी वनमाला माश्या घेऊन आली आणि तोंडावर पाणी मारायला गेली. तेवढ्यात सासऱ्यांनी त्रिंबककरवी माश्या पेटीत सोडून झाकणही लावलं. "चार दिवस उघडायचं न्हाई मामा," तिने बजावलं. ती स्वतः शहाण्यासारखी लांब राहिली. अर्जुनराव मात्र दिवसातून पाच वेळा झाकण उचलून काम कुठवर आलं ते बघत होते. साइटवर लक्ष ठेवायची सवय! तिसऱ्या दिवशी माश्या कंटाळून उठल्या आणि निघून गेल्या.

वनमालाने रिकामी पेटी उघडली, तळाच्या पट्ट्या बघितल्या आणि बांधावर बसून रडली.

"माश्याच कामचोर निघाल्या," अर्जुनराव म्हणाले. लाज नावाची वस्तू त्या घरात फक्त सुनेकडे होती.

एकसष्टीच्या दिवशी हलगी वाजवत मंडळी बोर्डाला हार घालायला गेली. त्रिंबक शिडीवर चढला आणि तसाच खाली आला.

"मालक, तुमचं तोंड गुणगुणतंय."

"पिऊन आलास का बे?"

तेवढ्यात अर्जुनरावांच्या मिशीजवळच्या फटीतून पाचपन्नास माश्या बाहेर आल्या. हलगीवाला हलगी टाकून पळाला. सत्कारमूर्ती तर फेट्यासकट ज्वारीत शिरले आणि तिथून ओरडले, "काढा तो बोर्ड! जाळा!"

वनमाला धावत येऊन शिडीपुढे उभी राहिली. "कुणी हात लावायचा न्हाई! ह्याच माश्यांमुळं खरबुजाला फळ धरलंय. माल निघंस्तोर हा बोर्ड हितंच राहील."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अर्जुनरावांचा फ्लेक्स काढू नका म्हणून भांडत होतं. ते बिचारे ज्वारीतच गहिवरले.

खरबूज भरघोस निघालं. मग वनमालाने तोंडाला जाळी बांधली, माश्यांना धूर दिला आणि फ्लेक्स गळ्यापाशी कापला. आत तिच्याच मेणाच्या पट्ट्यांना धरून चार सरळ, पांढरी पोळी वरून खाली लोंबत होती. अर्जुनराव लांबून बराच वेळ बघत राहिले. आता कबूल करतील असं तिला वाटलं.

"बघ," ते म्हणाले, "पट्ट्या वर ठोकायला मीच सांगितलं व्हतं का न्हाई त्रिंबकला?"

पुढच्या आठवड्यात 'मधमाशीपालन मार्गदर्शक अर्जुनराव' असा नवा फ्लेक्स छापून आला. वनमाला हसली आणि मेणाचं भांडं घेऊन आली.

"दोन्हीकडून लावा मामा," ती म्हणाली. "आतून तेवढं पोकळच राहू द्या."