थोरलीचा विमा

"विमा घेणं म्हणजे असं काय मोठंसं? चार ठिकाणी भाव विचारायचा, सगळ्यात कमी सांगेल त्याच्याकडून घ्यायचा. भाजी घेतो तसं!" तात्यांनी जाहीर केलं.

"तुम्ही शेवटची भाजी आणलीत, तेव्हा पिशवीतून अळ्या चालत बाहेर आल्या होत्या," काकू म्हणाल्या. पण तात्यांनी तोवर चष्मा लावला होता, आणि चष्मा लावला की त्यांना ऐकू येत नसे.

विमा हवा होता ट्रकचा. तात्यांनी उभी हयात लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात घालवली होती. कपाटं, पाळणे, रजईत गुंडाळलेले आरसे, रुसलेल्या सासवा, सगळं त्यांनी इकडून तिकडे सुखरूप पोचवलं होतं. आता धंदा बंद केला होता, पण ट्रक काही विकवेना. तात्या-काकूंच्या लग्नाच्या आधी तो घरात आला, म्हणून काकू त्याला 'थोरली' म्हणत. स्वतःला धाकटी समजत आणि सवतीसारखंच वागत, पण दुसऱ्या कुणी थोरलीला नावं ठेवली तर त्याला चहा मिळत नसे.

येत्या रविवारी लेक नव्या घरी राहायला जाणार होती. "माझ्या लेकीचं सामान परक्याच्या गाडीत जाणार नाही!" असं तात्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात थोरलीचा विमा संपत होता. इतकी वर्षं हे सगळं विमावाले नाना बघत. ते घरी यायचे, चहा प्यायचे, "तात्या, इथे सही" म्हणायचे. तात्या सही करायचे. काय लिहिलंय ते वाचणं म्हणजे नानांचा अपमान! आता नाना मुलाकडे राहायला गेले होते आणि त्यांना फोनवर ऐकू येत नव्हतं. तात्यांनी "विमा, विमा!" असं ओरडून पाहिलं, तर ते म्हणाले, "नाही हो, मी कुणाचा मामा नाही," आणि फोन ठेवला.

तेव्हा तात्यांनी शेजाऱ्याच्या सल्ल्याने मोबाईलवर कुठेतरी आपला नंबर टाकला. तिथे म्हणे सगळ्या कंपन्यांचे भाव एकाच जागी कळतात. भाव नंतर कळले. आधी फोन सुरू झाले! आंघोळीला जावं तर फोन, जेवायला बसावं तर फोन. मोबाईल तव्यावरच्या लाहीसारखा उडत होता.

पहिली होती एक गोड आवाजाची मुलगी. "काका, तुमची आत्ताची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे."

"हा तिसरा कोण?" तात्या सावध झाले. "व्यवहार माझा आणि नानांचा होता!"

"तसं नाही काका. एक तुम्ही, दुसरी विमा कंपनी, आणि तुमच्या ट्रकमुळे ज्याचं नुकसान होईल तो तिसरा. त्याची भरपाई कंपनी करते."

"आणि माझ्या ट्रकला काही झालं तर?"

"त्याची भरपाई या पॉलिसीत नाही, काका."

तात्या मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्यांचाच विमा भरत होतो?" त्यांनी खिडकीतून अंगणात पाहिलं. थोरली उन्हात मुकाट उभी होती. एवढे घाट चढली, एवढे खड्डे सोसले, आणि तिच्या नावाचं काहीच नाही? त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "तिच्यासाठी काय घ्यावं लागेल?"

"सर्वसमावेशक पॉलिसी घ्या, काका. त्यात दोन्ही येतं. वर हवं असेल तर रोडसाइड असिस्टन्स. गाडी रस्त्यात बंद पडली की मदतीला माणूस येतो."

तात्यांनी फोनवर हात ठेवला. "अगं ऐकलंस? गाडी बंद पडली की ढकलायला माणूस येतो म्हणे."

"आता सांगताय!" काकू कडाडल्या. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्या तात्यांबरोबर केबिनमध्ये फिरल्या होत्या. नव्या नवरीची मेंदी उतरायच्या आत त्यांनी थोरलीला पहिला धक्का मारला होता. गाडी मागे घेताना पाठीमागे उभ्या राहून त्याच पत्र्यावर हाताने थाप मारायच्या. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. लेक सीटमागच्या फळीवर झोपून मोठी झाली. ती बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'येऊ द्या' होता!

"जुनं झालं की वस्तूची किंमत घटते, तो घसारा," मुलगी सांगत होती. "काही पॉलिसींत तो कापत नाहीत. पण तुमच्या ट्रकचं वय बघता..."

"माणसांसाठी आहे का असं काही? विचारा तिला," काकू म्हणाल्या.

"आणि ड्रायव्हरच्या अपघात विम्याला वारस कोण लावू, काका?"

तात्यांची नजर अंगणाकडे गेली, मग स्वयंपाकघराकडे, मग पुन्हा अंगणाकडे.

"एवढा विचार लागतो?" काकूंनी आतून विचारलं.

"बायको! बायकोच लावा!" तात्या घाईने म्हणाले.

हप्ता कमी बसावा म्हणून तात्यांनी त्या मुलीला सांगून टाकलं, "गाडी म्हातारी आहे हो. अंगणातच बसून असते, देवाचं नाव घेत." थोड्या वेळाने दुसऱ्या कंपनीचा माणूस आला फोनवर. त्याने ट्रकची किंमत इतकी कमी सांगितली की तात्या उसळलेच. "एवढ्यात तिचा आरसासुद्धा येणार नाही! अहो, रोज पळते! नव्या गाड्या लाजतात!"

दोन्ही कंपन्या म्हणाल्या, आमचा तपासनीस गाडी बघायला येईल. तात्या म्हणाले, या. आणि दोघेही आले एकाच दुपारी. जुना विमा संपायचा तोच शेवटचा दिवस होता.

एक तपासनीस उंच होता, पांढऱ्या शर्टातला. तो रिक्षाने आला. दुसरा चष्मेवाला. त्याने आपली छोटीशी, चकचकीत गाडी उघड्या फाटकाबाहेर रस्त्यावर, फाटकाकडे नाक करून लावली. तात्यांनी थोरलीला सकाळीच न्हाऊ घातलं होतं. दोघे तिच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"गाडी क्वचित वापरात, बहुतेक उभीच," उंच तपासनिसाने वाचलं.

"रोज वापरात, उत्तम स्थितीत," चष्मेवाल्याने वाचलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काका, ट्रक दोन आहेत का?"

"ट्रक एकच," तात्या घाम पुसत म्हणाले. "पण स्वभाव दोन आहेत."

उंच तपासनिसाने टायरला बुटाने हलकेच ढोसलं. "मुळात चालू होते का ही?"

झालं! हप्ता, भाव, घसारा, सगळं तात्यांच्या डोक्यातून उडालं. कुणी बायकोला म्हातारी म्हटलं असतं तरी एकवेळ त्यांनी चालवून घेतलं असतं. "अगं, चहा टाक!" त्यांनी आत हाक मारली आणि टुणकन केबिनमध्ये चढले. थोरली खोकली, थरथरली आणि एकदम गर्जली! काळ्या धुराचा असा लोट आला की उंच तपासनिसाच्या अंगावर पांढरा शर्ट होता, हे पुढे शपथेवर सांगावं लागलं असतं.

पण तात्यांना तो धूर अत्तरासारखा वाटला. हाताखाली स्टिअरिंग थरथरत होतं, आणि ते पुन्हा पंचविशीत पोचले होते. आता यांना दाखवतोच, गाडी मागे कशी घ्यायची असते ते! त्यांनी रिव्हर्स टाकला. आरशात धूरच धूर. पण पाठीमागून ओळखीचा आवाज आला. धप-धप! येऊ द्या! तात्यांना भरून आलं. किती वर्षांनी ही मागे उभी राहिली! त्यांनी गाडी मागे घेतली. धप-धप! अजून येऊ द्या! "थांबा, थांबा!" असं कुणीतरी ओरडत होतं, पण बिऱ्हाड हलवताना बघे नेहमीच ओरडतात. तात्या फक्त काकूंचं ऐकत.

धडाम!

धूर निवळला. स्वयंपाकघराच्या दारातून काकू बाहेर आल्या. हातात साखरेचा डबा होता आणि चेहऱ्यावर आनंद. "अहो, ओट्यावर आपटून आपटून अखेर निघालं बाई याचं झाकण!"

मग त्यांनी फाटकाबाहेर पाहिलं. छोट्या गाडीचं नाक चेपून काचेपर्यंत गेलं होतं आणि खालून पाण्याची धार लागली होती. थोरलीचा फक्त मागचा एक लाल दिवा फुटला होता.

"माझी गाडी!" चष्मेवाला एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. काकूंनी त्याच्या हातात बशी दिली. चहा त्यात नव्हताच, पण त्याने दोनदा फुंकरही मारली.

तात्या खाली उतरले. आयुष्यभर लोकांच्या काचेच्या कपाटांना ओरखडा येऊ न दिलेला हा माणूस मान खाली घालून उभा राहिला. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तुमचं नुकसान मी भरून देतो."

उंच तपासनिसाने तोंड पुसलं. त्याच्या ओठांच्या कडा हसू दाबून थरथरत होत्या. "तुम्ही नका भरू, काका. तुमचा जुना विमा आज रात्रीपर्यंत चालू आहे. तो याच्यासाठीच असतो. तिसरा माणूस म्हणतात तो हाच."

तात्यांनी चष्मेवाल्याकडे असं पाहिलं, जणू हरवलेला नातलग भेटला. "म्हणजे तुमचा विमा मी इतकी वर्षं भरत होतो!"

"सर्वसमावेशक मात्र आमची कंपनी देईल असं वाटत नाही," उंच तपासनीस म्हणाला. चष्मेवाल्याने नुसती मान हलवली. तीही फार जोरात. "थर्ड पार्टी पुढे चालू ठेवा. त्याला तपासणी लागत नाही." उंच तपासनिसानेच तात्यांच्या मोबाईलवर दोन मिनिटांत ते करून दिलं. रविवारची सोय झाली. एवढे भाव विचारून, एवढे फोन घेऊन तात्यांच्या हातात शेवटी नानांचीच पॉलिसी आली होती.

चेपलेली गाडी गॅरेजवाले ओढून घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात थोरलीला नवा दिवा बसवून झाल्यावर तात्यांनी चष्मेवाल्याला घरी सोडायचं ठरवलं. तो "रिक्षाने जातो, खरंच जातो" म्हणत होता, पण काकूंनी त्याला हाताला धरून वर चढवलं आणि स्वतः खिडकीशी बसल्या. कित्येक वर्षांनी बसल्या होत्या. पदर वाऱ्यावर उडाला तसा त्यांनी तो खोचला, अगदी पूर्वीसारखा. कुठल्या वळणावर टायर फुटला होता, कुठल्या घाटात लेकीला पहिला दात आला होता, दोघं एकमेकांना सांगत होती, आणि मधे बसलेला चष्मेवाला दोन्ही हातांनी सीट धरून होता.

"काका," तो बारीक आवाजात म्हणाला, "पुढे बघून सांगितलंत तरी चालेल."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकूंनी तो तात्यांच्या कानाला लावला.

"तात्या, विम्याचं झालं का? रविवारचं नक्की ना?"

"झालं म्हणजे काय! चार ठिकाणी विचारून एकदम पक्कं केलंय," तात्या रुबाबात म्हणाले. मग जरा थांबले, घसा खाकरला आणि आवाज खाली आणला. "फक्त एक कर, बाळा. त्या दिवशी तुझी गाडी जरा पलीकडच्या गल्लीत लाव."