ठोसरकाकांचा कान आणि अक्रोडाचं झाड

ठोसरकाका अक्रोड फोडण्याआधी कानाशी धरून हलवतात. एखाददुसरा नव्हे, प्रत्येक. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या सुपरमार्केटात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दोन्ही कानांशी एकेक अक्रोड धरून, डोळे मिटून उभे होते. शेजारी एक चिनी आजी आपली ट्रॉली सांभाळत हळूहळू मागे सरकत होती.

"हा आतून गेलाय," म्हणत त्यांनी उजव्या कानाचा अक्रोड परत ठेवला. मराठी ऐकून मी हसलो, ही माझी चूक. पुढची दहा मिनिटं मी अक्रोडावरच्या सोंड्या किड्याचं चरित्र ऐकलं. मादी कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडं घालते, अळी गर खाते, फळ अकाली गळतं, आणि गळलेली फळं वेचून नष्ट केली नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच तमाशा. मी दही आणायला गेलो होतो. दही विसरून घरी आलो आणि बायकोचं वेगळं व्याख्यान ऐकलं.

हे गृहस्थ आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहणारे निघाले. हिमाचलात फळबागांवरच्या किडी मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काकू वारल्या, काका निवृत्त झाले आणि इथे बँकेत असलेल्या एकुलत्या एक मुलीकडे, वृषालीकडे राहायला आले. सिंगापुरात अक्रोडाचं झाड औषधालाही सापडायचं नाही. त्यामुळे काकांची स्थिती पेशंट नसलेल्या डॉक्टरसारखी झालेली.

पण विद्या स्वस्थ बसू देते होय? एका सकाळी आमच्या ब्लॉकखालच्या सहाही झाडांच्या खोडांना गोणपाटाचे पट्टे गुंडाळलेले दिसले. वृषालीची तागाची पिशवी त्यात कामी आली होती. "अळ्या कोष करायला आडोसा शोधतात," काका मला समजावू लागले. "आपण होऊन गोणपाटात शिरतात. मग पट्टा सोडायचा आणि जाळून टाकायचा. फवारणी हवी कशाला?" तेवढ्यात सफाईवाला आला आणि हताश होऊन म्हणाला, "अंकल, ट्री नॉट कोल्ड लाह!" पट्टे सुटले. काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच: "आधी भोक शोधा, मग औषध बोला." आमचा नळ गळला, हेच. माझी पाठ धरली, हेच. एकदा माझं आणि बायकोचं, मेघनाचं, कडाक्याचं भांडण चाललेलं असताना ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भोक कुठंय?" शोधता शोधता कळलं की सकाळपासून दोघांनीही काही खाल्लेलं नाही. मेघना तेव्हापासून त्यांना मानते. वृषाली मात्र या वाक्याला विटली होती. घरी पाहुणे येणार असले की आधीच हात जोडायची, "बाबा, प्लीज, आज भोक नको."

या सगळ्यावर कडी म्हणजे रविवारचा फोन. सकाळी दहा वाजता काका फोनकार्डाचे आकडे दाबत आणि मग अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा हिंदीत सुरू होत. "देवकी, भूसा ताज़ा है या पुराना? ताज़ा? तार अंदर डालो. और अंदर! अब रूई, मिट्टी के तेल में भिगोकर. ऊपर से गीली मिट्टी." मग एकदम शांतता. चार-चार मिनिटं काका रिसीव्हर कानाशी धरून बसलेले.

देवकी ही त्यांच्या जुन्या सरकारी क्वार्टरच्या माळ्याची बायको. क्वार्टरमागच्या अक्रोडात खोडकिडा शिरला होता. नव्या साहेबांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत भोकांतून पोखरलेला भुसा पडायचा थांबला नाही तर झाड तोडायचं, उद्या छपरावर कोसळलं तर? म्हणून दर रविवारी देवकी खोडावरची भोकं तपासायची आणि शेवटी आपला मोबाइल खोडाला टेकवायची.

"अळी आत लाकूड कुरतडते, त्याचा आवाज येतो," काका म्हणाले.

"सिंगापूरपर्यंत?"

"कान कुणाचा आहे!"

मी घरी येऊन मेघनाला त्यांची नक्कल करून दाखवली. आता त्याची लाज वाटते. एका झाडासाठी एवढा आटापिटा कशाला, असंही मी त्यांना विचारलं होतं. "खोड चांगलं आहे हो," एवढंच बोलून ते चष्मा पुसत बसले.

दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्याकडे चिवड्याचा डबा द्यायला गेलो होतो. फोन चालू होता. आतून वृषाली लॅपटॉप हातात घेऊन तणतणत आली. "बाबा, मी कॉलवर आहे! आणि ज्यांचं झाड आहे ते बघतील ना!"

काकांनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला. तिने तो रागारागाने घेतला. देवकीचा आवाज असा खणखणीत, की मलाही ऐकू आला. "साहब, तीन हफ़्ते से नीचे सफ़ेद कपड़ा बिछा रखा है, भूसे का एक दाना नहीं! नए साहब ने कह दिया, बिटिया का पेड़ नहीं कटेगा!"

"कौन बिटिया?"

"साहब की. वृषाली बिटिया. उसी ने तो लगाया था."

वृषाली खुर्चीवर टेकली. "बाबा, मी पहिलीत लावलं होतं ते?"

"आईने खायला दिलेला अक्रोड तू पुरलास. आणि उगवल्याशिवाय शाळेत जाणार नाही म्हणून बसलीस. तुझ्या आईने आठवडाभर बाईंना चिठ्ठ्या लिहिल्या."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू कामात. आणि झाड वाचलं नसतं तर?" काका चष्मा पुसू लागले. "तुला कशाला उगाच वाईट वाटायला?"

लॅपटॉपवरचा कॉल ती विसरलीच. मग फोनमध्ये हळूच म्हणाली, "देवकीदीदी, मोबाइल पेड़ को लगाओ ना." ती ऐकत राहिली. "बाबा, काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐकायला तर बसतोय मी इतके महिने," काका म्हणाले. डबा तिथेच ठेवून मी घरी आलो आणि पुण्याला आईला फोन लावला.

आता रविवारचा नंबर वृषाली फिरवते, आणि बापापेक्षा मोठ्याने ओरडते: "दीदी, पहले छेद ढूँढो!" पुढच्या दिवाळीला कुणाच्या तरी बॅगेतून त्या झाडाचे अक्रोड आले. काकांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. मी शिकवणीनुसार माझा अक्रोड कानाशी धरून हलवला. मेघनानेही हलवला. काकांनी आपला मात्र कानाशी नेलाच नाही. तसाच फोडला आणि गर वृषालीच्या हातावर ठेवला.