अकराव्या मिनिटाचा खोकला

माझी बायको नलिनी मंगळवारी दुपारी चार वाजता गेली. साडेचारला शब्बीरभाई आले. ते रोज त्याच वेळी येत. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, कॉटपाशी उभे राहिले. मग संगणकाच्या टेबलाकडे जाऊन त्यांनी दोन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या, गुंडाळल्या आणि स्पीकरवर टॉवेल टाकला.

"मयत झाली की आदी कर्णे उतरवायचे," ते म्हणाले. "मग बाकीचं."

बाकीचं सगळं त्यांनीच केलं. पुण्याला मुलीला फोन त्यांनी लावला, गल्लीतल्या लोकांना त्यांनी सांगितलं, मला पाणीही त्यांनीच दिलं. मी खुर्चीत बसून त्या टॉवेलकडे बघत होतो. या माणसाविषयी कधीतरी लिहायला हवं, असं मनात आलं ते त्या वेळी. आता सवड आहे.

शब्बीरभाई पाथर्डीत आमच्या गल्लीत समोरच्या घरात राहतात. चाळीस वर्षं त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. तालुक्यातली लग्नं, जत्रा, प्रचारसभा, बारशी, सगळीकडे त्यांचे कर्णे. मी शाळेत ग्रंथपाल होतो. माझी सगळी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली झाली. त्यामुळे वीस वर्षं समोरासमोर राहूनही आम्ही एकमेकांशी जरा जपूनच वागत होतो.

माईक तपासताना ते कधी "हॅलो, हॅलो" म्हणाले नाहीत. त्यांच्या मते हॅलो हा शब्द फोनचा. ते एसटीचे थांबे म्हणत. "पाथर्डी, तिसगाव, करंजी, नगर." खर्जात सुरू करून नगरला वर चढायचे. एका लग्नात हे ऐकून दोन म्हाताऱ्या पिशव्या उचलून फाटकाकडे पळाल्या होत्या, असं ते स्वतःच सांगतात. त्यांना परत आणून पंगतीत बसवण्याचं कामही त्यांनाच करावं लागलं.

दुसरी खोड जास्त विचित्र होती. आवाज सुरू केला की ते मशीनपाशी थांबत नसत. मंडपाच्या अगदी शेवटच्या रांगेत जात आणि तिथे बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत. एकदा असा एक पाहुणा घाबरून जेवता जेवता उठून गेला. तो बिनबोलावता आला होता म्हणे.

"कर्ण्याजवळच्या मानसाला काय बी कळत न्हाई, सर," ते मला सांगत. "शेवटच्या मानसाचं तोंड बगायचं. तिथं समजतं आवाज पोचला का न्हाई."

डीजेच्या भिंती आल्या तसा त्यांनी धंदा आवरला. कर्णे माळ्यावर गेले. आणि त्याच सुमाराला नलिनी घरात पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. पुढे हृदयाचंही निघालं. वाचायला बसलं की तिला थकवा येई. कान मात्र तिचे शेवटपर्यंत उत्तम होते.

तिच्या वाढदिवसाला आमच्या मुलीने, अनघाने, पुण्याहून एक जुनं ध्वनिमुद्रण पाठवलं. नगरला एका शाळेच्या हॉलमध्ये फार पूर्वी एका बुवांचं गाणं झालं होतं. दुपारची वेळ, राग भीमपलास. कुणीतरी ते टेपवर धरून ठेवलं होतं, आणि आता ते उत्तम प्रतीचं, म्हणजे मूळ टेपमधला बारीकसारीक आवाजही न गाळता, इंटरनेटवरून उतरवून घेता येत होतं. नलिनी त्या गाण्याला हजर होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचे वडील, नाना, तिला घेऊन गेले होते.

मी ते संगणकावर लावलं. नलिनी डोळे मिटून ऐकत होती. गाणं दोन भागांत होतं. पहिला भाग अकराव्या मिनिटाला संपला, संगणकाने कट्कन आवाज केला, आणि दुसरा सुरू झाला. तिने डोळे उघडले.

"इथेच हवा होता," ती म्हणाली. "बुवा वरच्या षड्जावर जायच्या आधी थांबले होते ना, तेव्हाच नानांना खोकला आला होता. नेमका तिथेच तुकडा पाडलाय."

नानांचा फोटो आमच्याकडे आहे. पत्रं आहेत. आवाज कुठेही नव्हता. तिला त्या गाण्यातला वडिलांचा खोकला ऐकायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी शब्बीरभाईंना बोलावलं. आवाजातलं कळणारा मला माहीत असलेला तो एकच माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागले.

"लोकं गाणं ऐकायला खोकला दाबत्यात, आन् वहिनी खोकल्यासाटी गाणं लावत्यात!"

"हसा तुम्ही," नलिनी म्हणाली.

"न्हाई वहिनी, हसत न्हाई. नाना बसले कुटं हुते?"

"शेवटच्या रांगेत. दाराजवळ. खोकल्याचा कुणाला त्रास नको म्हणून."

शब्बीरभाईंचं हसू थांबलं. "शेवटचा मानूस," ते म्हणाले. "मग तर आलाच पायजे आवाज."

फायलीत खोकला असणारच, वाजवणारं सॉफ्टवेअर तो सांध्यावर गिळत असणार, असं ठरलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात सॉफ्टवेअर बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गाणी वाजवणारी सॉफ्टवेअरं जगात इतकी असतील, याची मला कल्पना नव्हती. शब्बीरभाईंनी तोवर संगणकाला हात लावलेला नव्हता. ते दोन बोटांनी शिकले. माउस ते भाकरी थापल्यासारखा चापटत. पण पारख त्यांची जुनी होती, घोडेगावच्या बाजारातली.

"बैल घेताना काय बगत्यात, सर? दात बगत्यात, चालवून बगत्यात, आन् मग विचारत्यात, खोड काय?"

दात म्हणजे ते सॉफ्टवेअर किती जातींच्या फायली फोडू शकतं. चाल म्हणजे एका भागातून दुसऱ्यात जाताना ठेचकाळतं का. आणि खोड म्हणजे आपण न सांगता ते परस्पर काय करतं. तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक सगळी परत गेली.

नावं त्यांची इंग्रजी आणि अवघड, म्हणून शब्बीरभाईंनी आपली नावं दिली. पहिलं होतं 'नवरदेव'. ते सुरू झालं की पडद्यावर रंगीत पट्टे नाचायचे आणि बुवांच्या प्रत्येक तानेला फुलबाजे उडायचे. नलिनीने डोळ्यांवर हात घेतला. नवरदेव दुसऱ्या दिवशी गेला.

मग आला 'तलाठी'. त्याने आधी संगणकातल्या सगळ्या फायलींची नोंद करायला घेतली. गायक कोण, वर्ष कुठलं, प्रकार कुठला. दीड दिवस नोंद चालली. बुवांच्या गाण्याचं वर्ष माहीत नव्हतं म्हणून त्याने ते 'अज्ञात' या खात्यात टाकलं आणि मागितलं तरी देईना.

"ह्येच्यापुढं अर्ज करावा लागतोय," शब्बीरभाई म्हणाले. "काढा."

एक शेवटाला आवाज हळूहळू बारीक करणारं होतं, एक मध्येच दुसरंच गाणं सुचवणारं होतं. दर वेळी नलिनी उशीला टेकून निकालाची वाट बघायची. किती दिवसांनी तिला कशाची तरी वाट बघताना मी पाहत होतो.

"शब्बीरभाऊ," ती एकदा म्हणाली, "अनघाला स्थळं बघताना आम्ही एवढी चौकशी केली नव्हती."

"जावई परत करता येत न्हाई, वहिनी. ह्ये येतं. तीस दिवसांच्या आत."

ती इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं.

एक गोष्ट मला खटकत असे. ऐकताना शब्बीरभाई स्पीकरकडे पाठ करून बसत आणि नलिनीच्या तोंडाकडे बघत राहत. आजारी बाईकडे असं टक लावून बघू नये, असं मला वाटे. मी एकदा त्यांची खुर्ची वळवून ठेवली. त्यांनी ती पुन्हा होती तशी केली. "ऱ्हाऊ द्या, सर. हितनंच बरं."

त्यानंतर 'डॉक्टर' आला. या सॉफ्टवेअरची फार तारीफ लिहिलेली होती. जुन्या ध्वनिमुद्रणांवर ते उपचार करी. आणि खरंच, तंबोरा आरशासारखा झाला. टेपची खरखर गेली. मला वाटलं, संपलं काम. अकरावं मिनिट आलं. बुवा थांबले. तिथे काहीच नव्हतं. बुवा वर गेले.

"स्वच्छ आहे," नलिनी म्हणाली.

"काढा ह्येला," शब्बीरभाई उभे राहून म्हणाले.

"अहो, पण आवाज किती छान—"

"सर, ह्यानं हॉल झाडून काढलाय. मानसं बी झाडली त्यात. नानांना बाहेर घातलं ह्येनं!"

मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरला संगणकातून पूर्ण काढून टाकेपर्यंत त्यांनी चहा घेतला नाही.

शेवटी जे मिळालं त्याचं नाव त्यांनी 'मुका' ठेवलं. करडी चौकट, गाण्यांची यादी आणि एक बटण. बाकी काही नाही. त्याची इंग्रजी माहितीपुस्तिका मी चार दिवस शब्दकोश घेऊन वाचली. या सगळ्या खटाटोपात माझा वाटा एवढाच. तिच्यात मला एक गोष्ट सापडली. आपण फाईल कितीही चांगली आणली, तरी संगणक ती आपल्या सवयीच्या मापात बसवून मगच स्पीकरकडे पाठवतो. मुक्याला एक खूण करून सांगता येत होतं, की मध्ये कुणाला येऊ देऊ नकोस.

"म्हंजी दूद चांगलंच हुतं," शब्बीरभाई म्हणाले. "मदला गवळी पानी घालीत हुता."

मी खूण केली. दोन भाग सलग वाजावेत अशी दुसरी खूण केली. नलिनीने चादर सारखी केली. शब्बीरभाई पाठ फिरवून बसले.

अकराव्या मिनिटाला बुवा थांबले. तंबोरा चालू राहिला. मला तरी वेगळं काही जाणवलं नाही. पण नलिनीचा हात चादरीवरून वर उचलला गेला आणि त्याच क्षणी शब्बीरभाई म्हणाले, "मिळाला."

"नाना बाहेर गेले," नलिनी म्हणाली. "खुर्ची वाजली बघा. मग ते शेवटपर्यंत दाराबाहेरच उभे राहिले होते. मला म्हणाले, तू ऐक, मला इथूनही ऐकू येतंय."

तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा मलाही ऐकू आला. रुमालात दाबलेला, दोनदा. मग लाकडाचा एक बारीक आवाज.

पुढे महिनाभर ती ते रोज ऐकत होती. सॉफ्टवेअर ठरलं होतं, तरी शब्बीरभाई रोज येतच राहिले. मुक्याची एखादी खोड मागून निघेल, असं ते म्हणत. ती कधी निघाली नाही. मग तो मंगळवार आला.

चौदाव्या दिवशी, अनघा परत गेल्यावर, ते वायरी जोडायला आले. टॉवेल काढून घडी केला. "लावू का?" त्यांनी विचारलं.

"लावा," मी म्हणालो. मग मनात होतं ते बोललो. "शब्बीरभाई, तुमच्या कानांची कमाल आहे. पहिल्यांदा लावलं तेव्हा मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही बरोबर पकडलात."

ते वायर हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले.

"मला कुटला ऐकू येतोय, सर?"

"म्हणजे?"

"चाळीस वर्सं कर्ण्याखाली काडली. बारीक आवाज लई आदीच गेले. घरात कुकरच्या शिट्ट्या मला मोजू देत न्हाईत, डाळ करपती. बुवांचं गानं म्हंजी मला लांबून मोट्टार चालल्यावानी."

"मग ते नवरदेव, डॉक्टर... तुम्ही पारखत कसे होता?"

"वहिनींचं तोंड बगत हुतो की."

मी वळवून ठेवलेली ती खुर्ची मला आठवली.

त्यांनी वायर जोडली. खुर्ची ओढून बसले. मग जरा संकोचून, बाहेर दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "सर, कसा हाय हो तो?"

"काय?"

"खोकला. एवडा हुडकला, पर मला ठावं न्हाई."

माझं आयुष्य शब्दांच्या शेजारी गेलं, तरी मला बराच वेळ लागला. मी म्हणालो, "दोनदा येतो. पहिला थोडा मोठा आहे. दुसरा लहान. दुसऱ्या वेळी रुमाल आधीच तोंडावर होता. शेजारच्याला कळू नये असा खोकतोय तो माणूस. मग खुर्ची मागे सरकते, पण उचलून, घासू न देता. दार मात्र वाजत नाही. दार त्यांनी अगदी हळू लावलं असणार."

शब्बीरभाईंनी मान हलवली. "चांगला मानूस हुता," ते म्हणाले.

आता ते साडेचारला येतात. मुक्याचं बटण दाबतात आणि स्पीकरकडे पाठ करून बसतात. मी कॉटवर बसतो. अकराव्या मिनिटाला मी हात वर करतो, आणि ते म्हणतात, "मिळाला."