गुलाबरावांचा तीन मिनिटांचा कॉल

रस्ता बंद झाला की आनंदानं हात चोळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. नागपूरच्या रेडिओ केंद्रात आम्ही दोघं बातम्या लिहायचो. गुलाबराव मूळचे हिंगणीचे, राहायला वर्ध्याजवळ सिंदी मेघेला. रोज गाडीनं ये-जा. कुठला रस्ता बंद पडल्याची खबर आली की ते स्टुलावर चढून भिंतीवरच्या नकाशात टाचणी खुपसत आणि लग्नघरच्या यजमानासारखे सगळ्यांना कामाला लावत. आज लोकांना आपली गरज आहे, असं म्हणत मिशीला पीळही देत.

फोन म्हणजे त्यांचं देवघर. चपला काढून रिसीव्हर उचलायचा, बोलायचं उभ्यानं, आणि इतक्या मोठ्यानं की वर्ध्यापर्यंत तारेची गरजच पडू नये. पलीकडचा काहीही सांगो, यांचा प्रश्न ठरलेला, "पाह्यलं कोणं?" साहेबांनी मुलगा झाल्याचे पेढे वाटले, तेव्हाही यांनी पेढा घेता घेता हेच विचारलं होतं.

ऐंशीच्या आसपासचा तो भादवा. हिंगणघाटच्या अलीकडे पुलावर पाणी चढलं आणि हैदराबादचा हमरस्ता बंद. फोन खणखणत होते, टाइपरायटर थांबत नव्हते, गुलाबराव स्टुलावरून उतरायला तयार नव्हते. खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती.

सहा वाजता कुणीतरी कळवलं, गिरडहून येणारी बस वाहून गेली. गुलाबराव गुपचूप खाली उतरले. त्यांची बायको सकाळी गावच्या बायकांबरोबर गिरडच्या दर्ग्याला नवस फेडायला गेली होती. परतणार होती त्याच बसनं.

साडेसहाचं बातमीपत्र तोंडावर आलेलं. साहेब म्हणाले, घ्या ही बातमी. गुलाबराव कागदावर पंजा ठेवून उभे राहिले. डोळ्यानं पाहणारा माणूस मिळेपर्यंत ही ओळ जाणार नाही, एवढंच बोलले. मला त्यांचा अभिमान वाटला.

सहा-वीसला पुलाअलीकडच्या जाम गावच्या पोस्टाचा ट्रंक कॉल लागला. मिनिटं मिळणार तीनच. पोस्टमास्तरांनी स्वतः पाहिलं होतं; बस पुलाआधीच अडवली होती आणि प्रवासी पोस्टाच्या ओसरीत बसले होते. मात्र काहीजण पायीच पुलाकडे गेले होते, त्यांचा पत्ता नव्हता. यावर या गृहस्थानं काय विचारावं? पाणी किती, ट्रक किती, वाहतूक कुठून वळवली. रिसीव्हरजवळ कान नेऊन उभा असलेला मी, घरचं विचारा, असे हातवारे करून थकलो. दोन मिनिटं गेली.

मग आवाज एकदम खाली आला. "मास्तर, आमच्या घरचं माणूस हाये काय तेथी?"

"इथं समद्याईच्याच घरचे माणसं हाये, भाऊ. नाव सांगा ना."

गुलाबरावांनी एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बायकोचा उल्लेख 'घरी', 'तिकडे', 'आमचं घर' असाच. तिचं नाव आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ऑपरेटर म्हणाली, वेळ संपत आला. सगळे टाइपरायटर थांबले होते.

"सुभद्रा," ते म्हणाले. "सुभद्रा हाये काय?"

पलीकडे मास्तरांनी हाक मारलेली मलाही ऐकू आली. मग ते परतले. "हायेत बाई. या म्हटलं तं फोनवर येऊन नाई राह्यल्या. पदर तोंडाले लावून हासून राह्यल्या."

लाइन कटली. गुलाबरावांनी रिसीव्हर कानालाच धरून ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि ते नाव पुन्हा एकदा, अगदी हळू, घेतलं.