निरोगी गावाची ट्रॉली

"काकी, आज गावात खोकायचं न्हाई," सरपंच उदयसिंहांनी दिवस उगवताच चुलतीच्या उंबऱ्यात उभं राहून हुकूम सोडला.

तानुबाई चुलीपुढं श्वास गोळा करत बसली होती. "का रं उदा? खोकल्यावर बी पट्टी बसवली व्हय पंचायतीनं?"

"आरोग्य समिती यायलीया. ग्रामीण आरोग्य सप्ताह हाय. आपल्या खोऱ्याला एक डॉक्टर मिळणार, त्यो कुठल्या गावाला द्यायचा ते आज बगणार."

तानुबाईच्या सुरकुत्यांमध्ये दिवा लागल्यासारखं झालं. दम्यानं तिची छाती फुटक्या बासरीसारखी वाजायची, आणि डॉक्टर म्हटला की कराड. दोन एसट्या बदलायच्या. तिचा नवरा दुसऱ्या एसटीची वाट बघता बघताच गेला होता, फाट्यावर, तिच्या मांडीवर. तेव्हापासून कुणी काहीही मागो, ती गावासाठी डॉक्टर मागत होती.

"मंग ब्येस झालं की! आमा सगळ्या दुखणेकऱ्यांस्नी चावडीम्होरं बसीव रांगेनं. मी हाय, हरिबा हाय..."

"यडी का काय तू?" सरपंच वैतागले. "बक्षीस कवा किडक्या गावाला मिळतंय व्हय? डॉक्टर हे बक्षीसच हाय. जे गाव एकदम ठणठणीत, त्येला डॉक्टर!"

"आरं, जेवून ढेकर दिलेल्याला ताट वाढत्यात व्हय?"

"तुला शासन कळत न्हाई, काकी."

शासन सरपंचांना कळत होतं, यात शंका नव्हती. बेलखोरे गावानं आजवर एकही समिती ढाल घेतल्याशिवाय परत पाठवली नव्हती. स्वच्छतेची समिती आली, तेव्हा उकिरड्यावर हिरवी जाळी टाकून त्याला 'उद्यान' म्हटलं. तंटामुक्तीची आली, तेव्हा बांधावरून डोकी फोडणारे दोन सख्खे भाऊ समितीसमोर गळ्यात गळा घालून रडले. जीप वळणाआड गेली तसं गळ्यातले हात गळ्यावर आले. दोन्ही ढाली पंचायतीच्या कपाटात होत्या. समिती आली की जे असेल ते झाकायचं, एवढं एकच शास्त्र सरपंचांना ठाऊक होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

तासाभरात उसाची ट्रॉली दारोदार फिरली. साखरेनं पाय सुजलेला हरिबा, अर्धांगवायूचा आकाराम, ताप अंगात मुरवून बसलेल्या दोन सुना, मोतीबिंदूवाली पाचसहा म्हातारी माणसं, सगळी पाचटावर रचली गेली. वर ताडपत्री. तानुबाईला सरपंचांनी स्वतःच्या हातानं चढवलं, कारण घरचा माणूस म्हणून तिचा तेवढा मान होताच.

"वाघझरीच्या देवीला जाऊन या. संध्याकाळपतूर गावाकडं तोंड करू नगासा."

ट्रॉली हलली, आणि आतून तानुबाईनं जात्यावरच्या चालीत सूर लावला, मधे मधे धाप टाकत:

"गाव माझं गं निरोगी, न्हाई खोकला न्हाई ताप,
ट्रॉलीत कण्हत्याती, सरपंचाचं मायबाप!"

ताडपत्रीखाली हसू फुटलं. आकारामाचं अर्धंच तोंड हसलं, पण तेवढं पुरलं.

वाघझरी शेजारचंच गाव, मैलभरावर. ड्रायव्हरनं ट्रॉली पारापाशी लावली आणि तो चहाला गेला. आता सरपंचांच्या शास्त्रात एक गोष्ट राहून गेली होती: समितीचा रस्ताही वाघझरीवरूनच होता.

वाघझरीचे सरपंच नाथाजी गरिबीनं शहाणे झालेले. ट्रॉली बघून ते चौकशीला पुढं झाले, तोच मागं जीप थांबली. समितीच्या प्रमुख डॉक्टर संयोगिता मॅडम खाली उतरल्या आणि ताडपत्री उचलून बघतच राहिल्या.

"बाप रे! एवढे पेशंट? कुठं नेताय यांना?"

नाथाजींनी एकदा ट्रॉलीकडं पाहिलं, एकदा मॅडमकडं. "काय सांगू मॅडम! डॉक्टर न्हाई, म्हून देवीम्होरं आणल्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ही तर ट्रॉलीत चढण्याजोगी. न चढणारी घरात हायती."

हरिबाला खोटं सोसेना. "आवं बाई, आमी तर बेल..."

तानुबाईनं त्याला असा चिमटा काढला की पुढचं अक्षर घशातच राहिलं. मॅडमनी तेवढ्यात तिच्या तोंडाला पंप लावला होता. दोन झुरके, आणि छातीतली बासरी गप्प झाली. कितीतरी दिवसांनी वारा थेट बेंबीपर्यंत उतरला. तानुबाईनं मनाशी हिशेब केला: कराड दोन एसट्या, वाघझरी एक मैल. ती डोळे मिटून म्हणाली, "व्हय बाई. आमी हितलीच."

तिकडं बेलखोऱ्यात वेशीवर लेझीम, तालमीतले पैलवान फेटे बांधून उभे, आणि फलकावर 'आमचे गाव, निरोगी गाव'.

"गावात आजारी कोण कोण?" मॅडमनी विचारलं.

"एकबी न्हाई!"

"रक्तदाब? साखर?"

"साखर फकस्त कारखान्यात, मॅडम!" सरपंच स्वतःच्या विनोदावर हसले.

"म्हातारी माणसं?"

"देवदर्शनाला चालत गेल्यात. धावतच म्हना!"

मॅडम भारावल्या. असं गाव त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते खरंच होतं, कारण असं गाव कुठंच नव्हतं. त्यांनी भरसभेत सरपंचांचा सत्कार केला, गावाला ढाल दिली, आणि जाहीर केलं, "इथं डॉक्टरची गरज नाही. तो वाघझरीला. आणि इथं महिन्याला येते ती नर्ससुद्धा वाघझरीलाच देऊ. बिचाऱ्यांची दशा बघवत नाही!"

टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या थांबवता येईनात. सरपंचही वाजवत राहिले.

महिना गेला. एका सकाळी नाथाजी जीप घेऊन तानुबाईच्या दारात, हातात नारळ. "आज्जे, चला. मॅडम फेरतपासणीला यायल्यात. पेशंट भरलं न्हाईत तर डॉक्टर काढून नेतील. आमच्या गावचं तर डॉक्टर आल्यापास्नं बरं व्हायला लागल्यात, हीच पंचाईत!"

"येतो की," तानुबाई पदर खोचत म्हणाली. "पर जीप रोज पायजे. तुजं डॉक्टर टिकवायचं तर आमी टिकाय पायजे."

"दिली."

हरिबा, आकाराम चढले. तानुबाई पुढं बसली, तोच बोळातून उदयसिंह आले. तोंडावर टॉवेल, एक हात कमरेवर, चाल पाण्यात भिजलेल्या कोंबड्यासारखी.

"काकी... एक जागा हाय का? मुतखडा उठलाय गं. रातभर लोळलोय."

"तुला? निरोगी गावच्या सरपंचाला?"

"काकी, पाया पडतो."

तानुबाईनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. लहानपणी कडेवर घेऊन हिंडवलेलं पोर ते. दया आली, पण तिनं ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"बस मागं. आन असं दाबून नगं, मोठ्यानं कण्ह. त्या गावच्या अब्रूचा प्रश्न हाय."

जीप निघाली. वळणावर तिनं मान वळवून विचारलं, "मॅडमनी गाव इचारलं तर काय सांगशील रं, उदा?"

मागून एक लांब, मनापासूनचं कण्हणं आलं, आणि त्याच्या शेवटी बारीक आवाजात, "वाघझरी."