बंद पाकीट

पद्माकरराव ओगल्यांचा खोकला महिना झाला तरी हटेना, आणि त्याचं कारण त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. औषध फुकट होतं.

"फुकट कसं?" हेमलताबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "दर महिन्याला पगारातून कापतात ना औषधपाण्यासाठी?"

"कापतात. मी देत नाही. कापणं वेगळं आणि देणं वेगळं." एवढं बोलायला पद्माकररावांना तीनदा थांबून खोकावं लागलं. "गोळी पोटात गेली की विचारते, माझे पैसे दिले का? उत्तर मिळालं नाही की बसून राहते."

"गोळी विचारते?"

"विचारते!"

यावर हेमलताबाईंनी पोळी उलटली.

पद्माकरराव मूळचे वाईचे. नोकरीनिमित्त बंगळूरला येऊन सरकारी यंत्र कारखान्यात नकाशे काढायला लागले, बसवनगुडीत बिऱ्हाड केलं, इडली खायला शिकले, दुकानात 'स्वल्प कमी करा' म्हणायला शिकले. पण काही गोष्टी त्यांनी वाईहून आणल्या त्या तशाच ठेवल्या. त्यातली एक म्हणजे वडिलांची शिकवण. राजाकडे, गुरूकडे आणि वैद्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये. डॉक्टरची फी म्हणजे अर्धं औषध. आणि ती द्यायची तीही बाजारात भाजी घेतल्यासारखी मोजून नव्हे, तर हळदकुंकू लावलेल्या बंद पाकिटातून. पाकिटात किती आहे ते घेणाऱ्यानं विचारायचं नाही, देणाऱ्यानं बोलायचं नाही. आठ वर्षं ते पाच रुपयांची नोट बायकोच्या हातात ठेवत आले, ती पाकीट तयार करत आली आणि बसवनगुडीतले म्हातारे डॉक्टर ते हसून खिशात टाकत आले. त्या हसण्यात पद्माकररावांना आपल्या उदारपणाची पावती दिसे.

मग कारखान्यानं वैद्यकीय योजना काढली. सगळ्यांच्या पगारातून थोडे थोडे कापायचे आणि जो आजारी पडेल त्याला औषध मोफत. "म्हणजे मी धडधाकट राहायचं आणि माझ्या पैशानं भलत्याच माणसानं जुलाब थांबवायचे!" असं पद्माकरराव कँटीनमध्ये जाहीर म्हणाले होते. पण आजारपणाची रजा हवी तर दाखला कारखान्याच्या डॉक्टरचाच चाले. तेव्हा खोकत खोकत त्यांना तिथंच जावं लागलं.

कारखान्याचे डॉक्टर बसवंत हे निपाणीकडचे, तरुण, नवे आणि नोकरीला जिवापाड जपणारे. चारच महिन्यांपूर्वी त्यांना क्वार्टर मिळालं होतं आणि गावाहून आई राहायला आली होती. महिनाभर त्यांच्या गोळ्या खाऊन गुण येईना, तेव्हा पद्माकररावांनी पाकीट पुढं केलं. ते बघून डॉक्टर विंचू दिसल्यासारखे मागं सरकले.

"हे काय आणलाय, ओगलेसाहेब? मी हे घेतलो तर उद्या घरी बसीन की!"

"अहो, मनाचं समाधान."

"तुमचं समाधान होतंय, माझी नोकरी जातीय! ठेवा, ठेवा ते आत. गोळ्या त्याच चालू ठेवा सकाळ-संध्याकाळ. आणि तपकीर ओढायची बंद करा."

तपकिरीचं पद्माकररावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण पाकीट परत घरी न्यायचं म्हणजे खोकलाच परत घरी नेण्यासारखं होतं. डॉक्टर हात धुवायला वळले. खुंटीवर त्यांचा पांढरा कोट लोंबत होता. पद्माकररावांनी इकडेतिकडे पाहिलं, पाकीट कोटाच्या खिशात सरकवलं आणि देवाला नैवेद्य पोचवल्याच्या समाधानानं ते बाहेर पडले.

आणि खोकला थांबला! दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी पुरता. "बघ," ते बायकोला म्हणाले, "गोळी तीच, डॉक्टर तोच. फरक कशानं पडला?" हेमलताबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आमटी उतू चालली होती म्हणून त्या उठल्या.

चौथ्या दिवशी हंबीररावांचं बोलावणं आलं. हंबीरराव म्हणजे कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर. कर्नाटकातल्याच संडूर संस्थानचे मराठे, लष्करातून आलेले, आवाज कवायतीच्या मैदानावरचा.

"या ओगले, बसा. एक घाण प्रकरण आलंय. चौकशीला पंच म्हणून मला असा माणूस पाहिजे की ज्याच्याकडं कुणी बोट दाखवणार नाही. कारखान्याची पेन्सिल चुकून घरी नेलीत तर दुसऱ्या दिवशी परत आणून देणारे तुम्हीच."

पद्माकररावांचा ऊर भरून आला. "काय प्रकरण आहे साहेब?"

"लाच."

"लाच!" पद्माकरराव खुर्चीतून अर्धे उठले. "आपल्या कारखान्यात?"

"आपल्या कारखान्यात. खोट्या रजेच्या दाखल्यासाठी असणार, दुसरं काय? देणारा कोण ते अजून सापडलं नाही. घेणारा सापडलाय."

खोकला गेल्यामुळे पद्माकररावांचा आवाज त्या दिवशी खणखणीत लागला होता, आणि तो त्यांनी सगळा वापरला. "साहेब, माझं मत विचाराल तर घेणाऱ्यापेक्षा देणारा वाईट! घेणारा एखादेवेळी गरजेपोटी घेईल. देणारा माजलेला असतो. तो सापडला की दया दाखवू नका. त्याच दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर काढा!"

"शाब्बास! असाच माणूस मला पाहिजे होता," हंबीरराव टेबलावर थाप मारून म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली.

दार उघडून डॉक्टर बसवंत आत आले. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. पाठोपाठ कारखान्याच्या धुलाईखात्यातला नागोजी आला. हंबीररावांनी खण उघडला आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं. त्यावर हळदकुंकवाची दोन बोटं उठलेली होती.

पद्माकररावांनी पाकीट लगेच ओळखलं. ही बोटं त्यांच्या घरच्या करंड्यातली होती.

"बोल नागोजी."

"डॉक्टरसायबांचा कोट धुवायला आला होता जी. खिशात हे मिळालं. उघडलो न्हाई."

"आईची शपथ घेऊन सांगतो साहेब," डॉक्टर बसवंत म्हणाले, "हे माझ्या खिशात कसं आलं मला ठाऊक नाही. मी कुणाचं काही घेतलो नाही." ते टेबलाशी सरकले. "आई आलीय हो गावाकडनं. तिला काय सांगू?"

"ते आधी सुचायला पाहिजे होतं. ओगले, पंच म्हणून तुमचं काय मत?"

पद्माकररावांची पाचावर धारण बसली. गप्प राहिलं तर या पोराची नोकरी जाते. बोललं तर स्वतःची जाते, तीही पाच मिनिटांपूर्वी स्वतःच सुनावलेल्या शिक्षेप्रमाणं. दक्षिणा म्हणून दिलेलं पाकीट चार दिवस धोब्याकडे राहून लाच होऊन बाहेर पडलं होतं. पण डॉक्टरांकडे पाहून त्यांना राहवेना.

"साहेब," ते उभे राहिले. "ते पाकीट माझं आहे."

हंबीरराव हसले.

"बसा, ओगले. डॉक्टरांची दया आली तुम्हाला. मन मोठं आहे. पण खोटं बोलू नका."

"खोटं नाही! मीच ठेवलं. खोकल्यासाठी!"

"खोकल्यासाठी लाच?"

"लाच नाही हो, फी! औषध लागू पडावं म्हणून! आणि लागू पडलं की! बघा, येतोय का खोकला?" पद्माकररावांनी खोकायचा प्रयत्न करून दाखवला. आला नाही.

"सरी, बरं. मग सांगा, आत किती आहेत?"

"पाच रुपये. एक नोट."

हंबीररावांनी पाकीट फोडलं आणि टेबलावर उपडं केलं. त्यातून एक रुपयाची नोट निघाली आणि तिच्या मागून घरंगळत एक पावली निघाली. बाकी काही निघालं नाही.

"सव्वा रुपया!" हंबीरराव गरजले. "बघितलंत? स्वतः ठेवलं असतंत तर किती ठेवलं ते ठाऊक नसतं का?"

पद्माकरराव त्या पावलीकडे बघतच राहिले. मग त्यांनी नागोजीकडे पाहिलं. नागोजीनं दोन्ही हात जोडले. "देवाशपथ उघडलो न्हाई जी! आता माझ्यावर आणू नका!"

डॉक्टर सुटेनात, नागोजी अडकला आणि पद्माकरराव खरं बोलून खोटे ठरले. असा गुंता झाल्यावर शेवटी हंबीररावांनी जीप बसवनगुडीला पाठवली. तासाभरानं हेमलताबाई पदर सावरत आत आल्या. नवऱ्याला काही झालं या धसक्यानं त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तो धडधाकट उभा आहे हे दिसल्यावर त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं.

"बाईसाहेब, हे पाकीट ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? मीच केलंय."

"आत किती ठेवले होते?"

हेमलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग हंबीररावांकडे. "सव्वा रुपया," त्या म्हणाल्या.

"मी पाचाची नोट दिली होती तुला!" पद्माकरराव ओरडले.

"दिली होतीत. पण पगारातून कापतातच ना? मग पुन्हा पाच कशाला? देवापुढं आपण सव्वा रुपया ठेवतो. डॉक्टर काय देवापेक्षा मोठे झाले?" मग डॉक्टरांकडे वळून त्या म्हणाल्या, "रागावू नका हं."

डॉक्टर बसवंत कसले रागावतात! त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि तोच रुमाल नागोजीला दिला.

हंबीरराव काही वेळ सव्वा रुपयाकडे आणि काही वेळ हेमलताबाईंकडे पाहत राहिले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या, खांदे हलायला लागले आणि शेवटी टेबल हलायला लागलं. "सव्वा रुपया! अहो, सव्वा रुपयाला देव पावतो, सरकारी माणूस नाही पावत! पाच असते ओगले, तर आज तुम्ही फाटकाबाहेर होता. तुमच्याच तोंडच्या हुकुमानं. चला, लाच नाही, दक्षिणा. प्रकरण बंद. घेऊन जा ते."

परतीच्या बसमध्ये पद्माकरराव मनाशी हिशेब मांडत बसले. नोकरी वाचली होती, अब्रू वाचली होती, आणि दोन्ही आपल्या उदारपणानं नव्हे तर बायकोच्या चिक्कूपणानं वाचल्या, हे काही केल्या त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

"उरलेले कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"डब्यात."

"बरं." मग त्यांच्या मनात एक भयंकर शंका आली. "आणि याआधी? ते आपले म्हातारे डॉक्टर? त्यांच्या पाकिटात?"

हेमलताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "सव्वाच."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

पद्माकररावांना भर बसमध्ये घाम फुटला. "अगं, ते मला दारापर्यंत पोचवायला यायचे! हसायचे!"

"चांगला माणूस होता हो. दुसरा असता तर हसला नसता."

म्हणजे आठ वर्षं अख्ख्या बसवनगुडीतून ते छाती काढून चालत होते ते सव्वा रुपयाच्या जोरावर. "म्हणजे तूसुद्धा कापत होतीस!" ते कळवळून म्हणाले. "माझ्या घरात! माझ्या पाकिटातून!"

"कापत होते," हेमलताबाई आता त्यांच्याकडे वळल्या. "आपल्या प्रतिमाला टायफॉईड झाला तेव्हा महिनाअखेर होती. नर्सिंग होमचं बिल भरायला मी तुमच्या हातात नोटांची गड्डी ठेवली. कुठून आली, विचारलंत कधी? त्या डब्यात सगळ्यांच्या खोकल्याचे, तापाचे, मोडशीचे साठलेले होते. कुणीच आजारी नव्हतं तेव्हाचेही होते, वाणसामानातून बाजूला काढलेले. लेकीवर वेळ आली तेव्हा ते धावून आले."

पद्माकररावांनी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. लेक बरी होऊन हसायला लागली होती आणि बाकी सगळं ते विसरून गेले होते. आता एकदम आठवलं.

बस गांधी बझारला वळली तेव्हा त्यांनी खिशातून पाच रुपयांची नोट काढून बायकोच्या हातात ठेवली.

"हे कशाला? आता कोण आजारी आहे?"

"कुणी नाही," ते बाहेर बघत म्हणाले. "म्हणूनच. डब्यात टाक."

हेमलताबाईंनी नोट घडी करून कमरेला खोचली, आणि कंडक्टर आला तेव्हा तिकिटं नवऱ्यालाच काढायला लावली.