गायधनीकाकांचा मोबाइल

ग्रंथालयाला मोबाइल मिळाला त्या दिवशी गायधनीकाकांनी त्याला खाकी कव्हर घातलं, पाठीवर शिक्का मारला आणि नोंदवहीत दाखल क्रमांक दिला. लेखकाच्या रकान्यात लिहिलं, ‘अज्ञात’.

नाशकात तेव्हा भाजीवाल्यांकडेही मोबाइल आले होते. आमच्या पंचवटीतल्या ग्रंथालयात मात्र काका ग्रंथपाल होते. मी त्यांची सहायक. नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून सचिवांनी फर्मावलं, “सुनीताबाई, मुदत उलटलेल्या पुस्तकांची आठवण आता मेसेजने करायची. यांना शिकवा.”

“काका, मेसेज थोडक्यात लिहायचा.”

“थोडक्यात म्हणजे उद्धटपणे!”

ते प्रत्येक मेसेज साष्टांग नमस्काराने सुरू करत. एकेका बटणावर तीन-तीन इंग्रजी अक्षरं. साष्टांग होईपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची. शेवटी वैतागून त्यांनी निफाडच्या एका वाचकाला एवढंच धाडलं, ‘आपली मुदत संपली आहे.’

दहा मिनिटांत त्याच्या बायकोचा फोन. “कोन बोलतंय? आमचे हे चांगले बागंत हुभे हायेत! कशाची मुदत संपली?”

“पुस्तकाची हो, वहिनी!” काका मोबाइल तोंडासमोर धरून ओरडले. “त्यांना उदंड आयुष्य लाभो, पण पुस्तक आणून द्या!”

मग हळूहळू जमलं. पुस्तकं परत यायला लागली. आणि एक दिवस मेसेज यायचेच बंद झाले. सचिव तणतणत आले. “संध्याकाळपर्यंत चालू झाला नाही, तर मोबाइल उद्यापासून सुनीताबाईंकडे!”

मी पाहिलं, तर इनबॉक्स तुडुंब.

“काका, जुने मेसेज पुसावे लागतात.”

“पुसायचे नाहीत.”

“अहो, मग नवे येणार कसे?”

काका कपाटाचं हँडल उगाच पुसत राहिले. “एकतीस वर्षं लोकांना स्मरणपत्रं लिहितोय, सुनीता. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.”

मी कोरी वही त्यांच्यापुढे ठेवली. “मी वाचते, तुम्ही उतरवून घ्या. मग पुसू.”

मी पहिला मेसेज वाचला, “‘हो काका, सोमवारी आणते.’”

त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं. “पूस.”

“‘काका, आजारी होतो. माफ करा.’”

“पूस.”

“‘पुस्तक मुलाबरोबर पाठवतो. काका, तुम्ही बरे आहात ना?’”

त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला.

“हा परत एकदा वाच,” म्हणाले.